स्प्रिंकलर चालूच होत नाहीये, कंट्रोलर मात्र म्हणतो चालू आहे (डॅलस)

कृष्णाकाठ_डॅलस

नमस्कार मंडळी, घरचं स्प्रिंकलर बंद पडलंय आणि डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. घर डॅलसच्या उत्तरेला उपनगरात, आम्ही तिसरे मालक, त्यामुळे जमिनीखाली कुठून काय गेलंय याचा नकाशा वगैरे काही हातात नाही. सहा झोन आहेत (अंगणाचे वेगवेगळे चालणारे भाग), कंट्रोलर गॅरेजमधे भिंतीवर. स्क्रीन व्यवस्थित दिसते, वेळ बरोबर, मॅन्युअलवर झोन 1 लावला की दहा मिनिटांचा काउंटडाऊन पण सुरू होतो, पण बाहेर एक थेंब नाही. एकही हेड (पाणी उडवणारी तोटी) वर येत नाही. सहाच्या सहा झोन असेच. घरातल्या नळांना पाणी फुल फोर्सने आहे.

गवत सेंट ऑगस्टीन आहे आणि इथे आता रोज शंभरच्या पुढे जातंय (फॅरनहाइट हो, म्हणजे आपले 38 च्या वर), रंग निळसर राखाडी पडलाय आणि चाललं की पावलाचा ठसा तसाच राहतो, पात उठून उभी राहत नाही.

एक माणूस बोलावला होता. त्याने कंट्रोलरकडे बघितलं, दोन बटणं दाबली, म्हणाला कंट्रोलर गेला, नवीन आणि मजुरी मिळून साडेसहाशे डॉलर. ना मल्टिमीटर लावला ना बाहेर जाऊन बघितलं. माझे बाबा सध्या इथे आलेत, सांगलीकडे साखर कारखान्यात वायरमन म्हणून आयुष्य गेलं त्यांचं, ते बाजूला उभे राहून ऐकत होते, तो गेल्यावर म्हणाले मीटर लावल्याशिवाय वस्तू मेली म्हणणारा माणूस घरात परत घ्यायचा नाही. पण त्यांचं सगळं काम मोटरी आणि स्टार्टरवरचं, हे चोवीस व्होल्टचं प्रकरण त्यांनाही नवीन आहे आणि मी तर सॉफ्टवेअरवाला, मला वायर म्हणजे चार्जरची.

एक शंका आहे. मार्च-एप्रिलमधे फायबर इंटरनेट टाकायला लोक आले होते, फुटपाथच्या कडेने खणत गेले. त्यांनी काही तोडलं असेल का? पण त्यानंतर पण काही दिवस चालत होतं असं बायको म्हणते, मला नक्की आठवत नाही कारण ते पहाटे चारला चालतं तेव्हा बघणार कोण. सुरुवात कुठून करू?

एडिसनकर

आधी पाणी बघा मग वीज. आमच्याकडे न्यू जर्सीत दर वर्षी निम्म्या तक्रारी अशाच निघतात की हिवाळ्याआधी सिस्टिम बंद केलेली असते आणि वसंतात कोणी मेन कॉक उघडलेलाच नसतो. घराचं पाणी वेगळं आणि स्प्रिंकलरचं वेगळ्या फाट्यावर असतं त्यामुळे नळाला पाणी आहे याने काही सिद्ध होत नाही. बॅकफ्लो प्रिव्हेंटर (स्प्रिंकलरचं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात जाऊ न देणारा) शोधा, आमच्याकडे तो घराच्या भिंतीला बाहेरून उभा लावलेला असतो, त्याला दोन कॉक असतात, दांडी पाइपच्या दिशेला असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. दोन्ही बघायचे. आणि बंद सापडला तर एकदम फर्रकन उघडू नका, अगदी हळू, थोडा उघडून पाइप भरू द्या मग पुढे, नाहीतर आतली हवा आणि पाणी असं आपटतं की एखादं फिटिंग फुटतं.

आम्ही तर ऑक्टोबरात कॉम्प्रेसर लावून पाइपातलं पाणी उडवून टाकतो, काळा पॉलिथिलिन पाइप असेल तर 50 पीएसआयच्या वर हवा सोडायची नाही, एवढं सांभाळलं की झालं. टेक्सासात ते कोणी करत नाही म्हणा.

चोवीसव्होल्ट

एडिसनकरांचं बरोबर आहे पाणी आधी, पण डॅलसकडे बॅकफ्लो बहुतेक वेळा भिंतीवर नसतो, जमिनीत पाण्याच्या मीटरच्या आसपास हिरव्या झाकणाच्या खोक्यात असतो, डबल चेक म्हणतात त्याला, झाकण गवताखाली गेलेलं असतं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन मीटरपासून घराच्या दिशेने टोचत चला, ठक्क वाजलं की झाकण. मी ऑस्टिनला असतो, स्वतःचं आणि ओळखीपाळखीच्या घरांचं हे काम बरीच वर्षं करतोय, व्यवसाय नाही, खोड आहे.

आता तुमच्या लक्षणांकडे. एक झोन बंद असता तर मी व्हॉल्व्ह म्हणालो असतो. सहाच्या सहा एकदम मेलेत म्हणजे सहांना सामाईक असलेलं काहीतरी गेलंय. असं सामाईक फार काही नसतंच. पाणी, कंट्रोलरचा ट्रान्सफॉर्मर, रेन सेन्सर, मास्टर व्हॉल्व्ह (सगळ्या झोनच्या आधीचा मुख्य व्हॉल्व्ह) असला तर तो, आणि कॉमन वायर. कंट्रोलर सगळ्यात शेवटी मरतो आणि सगळ्यात आधी बदलला जातो, कारण तो गॅरेजमधे सावलीत असतो, बाकी सगळं चिखलात.

हे चालतं कसं ते बाबांना सांगा, त्यांना एका मिनिटात कळेल. ट्रान्सफॉर्मर 120 चे 24 व्होल्ट एसी करतो. प्रत्येक व्हॉल्व्हवर एक कॉइल असते, तिला दोन वायरी. एक वायर सगळ्या कॉइल्सची मिळून एकच, ती बहुतेक वेळा पांढरी, ती सी लिहिलेल्या टर्मिनलला येते. दुसरी प्रत्येकीची वेगळ्या रंगाची, ती 1, 2, 3 ला. कंट्रोलर फक्त ठरलेल्या वेळेला त्या त्या टर्मिनलवर 24 सोडतो, कॉइल ओढली जाते, छोटं भोक उघडतं, डायफ्रामवरचं, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्यावरचं, पाणी निसटतं आणि खालचं दाबाचं पाणी डायफ्राम उचलतं. म्हणजे कॉइल स्वतः काही पाणी अडवत नाही, ती फक्त इशारा देते. आणि स्क्रीनवर काउंटडाऊन चालू आहे याचा अर्थ एवढाच की कंट्रोलरने आपल्या बाजूने 24 सोडल्याचं त्याचं म्हणणं आहे, पुढे ते पोचलं का हे बहुतेक साध्या कंट्रोलरना कळत नाही.

मग करायचं काय, तर सेन्सरचा खटका असतो कंट्रोलरवर, तो बायपासला टाका. रेन सेन्सरमधे पाण्याने फुगणाऱ्या चकत्या असतात, पाऊस पडला की फुगून स्विच उघडतात, जुन्या झाल्या की फुगलेल्याच राहतात आणि भर उन्हात कंट्रोलरला वाटतं मुसळधार चालू आहे. टेक्सासात 2009 पासून बसवलेल्या ऑटोमॅटिक सिस्टिमला असला पाऊस ओळखून बंद करणारा सेन्सर लागतोच, त्यामुळे तुमच्याकडे बहुधा असणार. नंतर मीटर एसी व्होल्टवर लावून ट्रान्सफॉर्मरच्या दोन टर्मिनलांवर बघा, 24 ते 28 मधे काहीतरी दिसलं पाहिजे. शून्य असेल तर आधी गॅरेजमधला जीएफसीआय प्लग (विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणारा) ट्रिप झालाय का बघा. तुमची स्क्रीन चालू आहे म्हणून वीज आहे असं धरू नका, काहींची स्क्रीन आतल्या बॅटरीवर चालते. मग झोन 1 मॅन्युअलवर चालू करून, चालू असतानाच हं, सी आणि 1 मधे बघा. परत 24-28. तेच 2, 3, सगळे.

ते आलं की कंट्रोलर बंद करा, प्लग काढा, सी वरची पांढरी वायर आणि झोनच्या वायरी टर्मिनलमधून सोडवा (आधी फोटो काढा, रंग आठवत नाहीत), मीटर ओमवर, एक टोक पांढऱ्या वायरीला आणि दुसरं एकेका झोनच्या वायरीला. चांगली कॉइल साधारण 20 ते 60 ओमच्या मधे दाखवते. एकदम कमी, चार-पाच, म्हणजे शॉर्ट. मीटरने ओएल दाखवलं म्हणजे कुठेतरी तुटलंय, कॉइलमधे किंवा वायरीत. हे सगळं गॅरेजमधे सावलीत स्टुलावर बसून होतं, एक खड्डा खणावा लागत नाही. आकडे इथे टाका.

फायबरवाल्यांबद्दल. इथे खणण्याआधी 811 ला फोन करतात, फुकट येऊन गॅस, वीज, टेलिफोनच्या लाइनी रंगाने आखून जातात, पण तुमच्या स्प्रिंकलरच्या वायरी खाजगी म्हणून ते आखत नाहीत. त्यामुळे तुमची शंका अगदीच वाऱ्यावरची नाही. पण आधी आकडे.

दगडफूल

मला कळत नाही एवढा खटाटोप गवतासाठी का. एक इंच पाणी हजार स्क्वेअर फुटांवर द्यायचं म्हणजे सहाशे वीस गॅलनच्या वर जातं, दर आठवड्याला, आणि ते खात कोण, ना गाय ना शेळी. मी तर पुढचं अंगण काढून बफेलो गवत आणि देशी झाडं लावली. टेक्सासात 2013 चा कायदा आहे, एचओएला (घरमालकांच्या सोसायटीला) असलं कमी पाण्याचं अंगण सरसकट नाकारता येत नाही, फक्त आराखडा त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

चोवीसव्होल्ट

दगडफूल, तुमचं म्हणणं पटतं पण ते ऑक्टोबरात सांगा त्यांना. या उन्हात लावलेलं बफेलो पण पाणी मागेल. आणि बर्म्युडा असतं तर मी पण म्हणालो असतो झोपू दे त्याला, पिवळं पडतं आणि पाऊस आला की उठतं. सेंट ऑगस्टीन तसं नाही, ते एकदा वाळलं की परत सॉड (मातीसकट गवताचे तयार तुकडे) आणून टाकायला लागतं. कृष्णाकाठ, तोवर बाहेरच्या नळाला होज लावून साधं फिरतं स्प्रिंकलर ठेवा, सकाळी लवकर. संध्याकाळी तर नाहीच, रात्रभर ओलं राहिलं की बुरशीचे तपकिरी गोल पडतात.

मुळशीवाला

चांगला विषय निघालाय, घुसतोय मधे. माझं मुळशीकडे छोटं फार्महाउस आहे, पुण्यापासून तासाभरावर, शनिवार-रविवार जातो. बोअरचं पाणी टाकीत, टाकीतून पंप, पंपावरून लॉनचे चार झोन. कंट्रोलरला पंप जोडलेला आहे म्हणजे झोन चालू झाला की पंप आपोआप सुरू व्हायला पाहिजे. आता होतं काय की झोन चालू होतो पण पंप सुरू होत नाही, हेड नुसते गुरगुरतात आणि परत बसतात. पॅनेलवर हिरवं बटण दाबून हाताने पंप चालू केला की सगळं झकास चालतं. माळी म्हणतो मी रोज हाताने करतो, काय बिघडलं. बिघडलं हे की तो चालू करून जेवायला जातो आणि टाकी रिकामी होईपर्यंत पंप चालतो. माझं वेगळं आहे का याच्याशी?

चोवीसव्होल्ट

वेगळं आहे पण चुलतभाऊ आहे. कंट्रोलरवर पी किंवा एमव्ही लिहिलेलं टर्मिनल असतं, कोणताही झोन चालू झाला की तिथे 24 येतात, ते पंपाच्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या खटक्याच्या) कॉइलला जातात, रिलेचे कॉन्टॅक्ट मिटतात आणि पंपाच्या स्टार्टरला वीज मिळते. हाताने पंप चालतो म्हणजे पंप, स्टार्टर, ओव्हरलोड ठीक. झोन चालू असताना सी आणि पी मधे 24 येतात का एवढं बघा. येत असतील तर रिले किंवा तिथपर्यंतची वायर. येत नसतील तर आधी सेटिंग, बऱ्याच कंट्रोलरमधे प्रत्येक झोनसाठी पंप हवा का नको हे वेगवेगळं टाकता येतं आणि बॅटरी उतरून किंवा कोणी बटणं दाबून ते नको वर गेलेलं असतं.

पण एक. तो रिलेचा डबा 230 चा आहे, थ्री फेज असेल तर 415. कंट्रोलरच्या बाजूचं 24 व्होल्ट बिनधास्त मोजा, डबा मात्र मेन स्विच पाडून इलेक्ट्रिशियनकडूनच उघडा.

अजून एक गोष्ट ज्याच्याकडे पंप आहे त्याने ऐकावी. उद्या एखाद्या झोनची वायर तुटली तर कंट्रोलर पंप चालू करतो आणि व्हॉल्व्ह मात्र उघडत नाही, पंप बंद पाइपावर रेटत राहतो, आतलं पाणी तापतं, सील जातो, पीव्हीसीचा सांधा सुटतो. प्रेशर स्विच (दाब फार चढला की पंप बंद करणारा) नसेल तर बसवून घ्या, आणि टाकीच्या तळाला फ्लोट स्विच (पाणी खाली गेलं की पंप बंद करणारा), म्हणजे माळ्याच्या जेवणाची चिंता नको.

कृष्णाकाठ_डॅलस

आकडे आणलेत. कॉक दोन्ही उघडे आहेत, डबल चेकचा खोका मीटरच्या मागे चार बोटं गवताखाली सापडला, बाबांनीच टोचून शोधला. सेन्सर बायपासला टाकून काही फरक नाही. ट्रान्सफॉर्मर 27.4. सी आणि 1 मधे चालू असताना 26.9, बाकीच्या पाच झोनना पण साधारण तेच. मास्टर व्हॉल्व्हचं टर्मिनल रिकामं आहे, तिथे वायरच नाही.

आणि ओम, सहाच्या सहा ओएल. बाबा म्हणाले सहा कॉइल एका रात्रीत जळत नाहीत, न्यूट्रल गेलंय.

चोवीसव्होल्ट

बाबांना माझा नमस्कार सांगा, निदान झालं. कॉमन गेलीये. 26.9 येतंय म्हणजे कंट्रोलर ठणठणीत, साडेसहाशे खिशातच ठेवा.

आता ती कुठे तुटली. कॉमन साधारणपणे एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात अशी पुढे पुढे जाते, प्रत्येक खोक्यात तिथल्या व्हॉल्व्हची एकेक वायर तिला जोडलेली. मधे कुठे तुटली असती तर अलीकडचे झोन चालले असते आणि पलीकडचे मेले असते. तुमचे सगळे मेलेत म्हणजे तुटलंय ते कंट्रोलर आणि पहिल्या खोक्याच्या मधे, किंवा पहिल्या खोक्यातच. आणि फायबरवाल्यांनी केबल तोडली असती तर तोडणारा माणूस पांढरी एकटी निवडून तोडत नाही, सगळीच केबल जाते. तसं असेल तरी सगळे ओएलच दिसतील म्हणून त्यांना अजून सोडत नाही, पण त्यांनी खणलं फुटपाथच्या कडेला आणि तुमची केबल गॅरेजमधून बाहेर येऊन बहुधा ड्राइव्हवेच्या बाजूने जाते. मी पैसे लावेन तर पहिल्या खोक्यातल्या जॉइंटवर.

गॅरेजच्या बाहेर केबल जमिनीत शिरते तिथून सगळ्यात जवळचा व्हॉल्व्हचा खोका शोधा. उघडताना हातमोजे घाला आणि आधी काठीने झाकण उचला, फायर अँट (कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्या) असतातच. आत वायरींना घरातल्या बल्बला लावतात तसली साधी प्लॅस्टिकची टोपी लावलेली दिसली तर समजा सापडलं. पांढऱ्या वायरींचा गठ्ठा हलकेच ओढून बघा.

कृष्णाकाठ_डॅलस

सापडलं. काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसलो आम्ही दोघं. खोका ड्राइव्हवेला लागून, झाकणावर गवत चढलेलं. झाकण काठीने उचललं तर फायर अँटचं वारूळच आत, व्हॉल्व्हच्या डोक्यापर्यंत माती. आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं पावडर टाक, बाबा म्हणाले गरम पाणी, शेवटी दोन्ही झालं आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो.

मग बाबांनी हाताने माती काढली. साध्या टोप्या, त्यावर काळी टेप गुंडाळलेली, टेपच्या आत पाणी. लाल, निळी, पिवळी ठीक होत्या. पांढऱ्यांची टोपी धरली आणि नुसती धरली हं, ओढली पण नाही, गॅरेजकडून येणारी पांढरी वायर हातात आली. तिच्या टोकाला तांबंच नव्हतं, हिरवट निळी पूड, फुंकली की उडेल अशी. बाबा म्हणाले कळकलंय. पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर जे होतं ते इथे वायरीला.

खरी अडचण पुढे आली. वायर मागे सोलली तर आतलं तांबं काळं, अजून सोलली तरी काळं. मी म्हणालो जोडून टाकू, बाबा ऐकेनात, चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत कापत गेले, शेवटी जमिनीतून वर येणारी वायर एवढी आखूड राहिली की बोटांत धरायला मुश्कील. मग त्याच जाडीचा, 18 गेजचा, तुकडा आणून लांबी वाढवली. जेल भरलेले कनेक्टर दुकानात स्प्रिंकलरच्या रांगेत मिळाले, ते लावले.

गॅरेजमधे येऊन परत ओम. झोन 1 ला 28, 2 ला 27, 3 ला 29, 5 ला 28. झोन 6 ला फक्त 14 आणि झोन 4 अजून ओएल. कंट्रोलर जोडून 1 लावला आणि पुढच्या अंगणात सगळे हेड फस्सकन वर आले. बाबा मधे उभे होते, चिंब.

आता 4 आणि 6 चं काय? 6 शॉर्ट होतोय का?

चोवीसव्होल्ट

मस्त. बाबांचं काळं तांबं कापणं शंभर टक्के बरोबर, काळ्यावर जोडलं असतं तर वर्षभरात परत हेच.

6 ला काही झालेलं नाही. 14 म्हणजे 28 चं निम्मं, त्या झोनवर दोन व्हॉल्व्ह एकत्र जोडलेत, दोन कॉइल पॅरलल. मागचं अंगण मोठं असेल. पाणी येतंय ना मागे? मग सोडा.

4 ची कॉइल किंवा तिथला जॉइंट. त्या व्हॉल्व्हच्या खोक्यात जाऊन जॉइंट सोडवा आणि कॉइलच्या दोन वायरींवर थेट मीटर लावा. तिथे 25-30 आले तर कॉइल चांगली, जॉइंट किंवा वायर गेली. तिथेही ओएल तर कॉइल जळाली, नवीन वीसेक डॉलरला येते. व्हॉल्व्हवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, त्याच कंपनीची घ्या, आटे वेगवेगळे असतात.

बदलताना आधी पाण्याचा कॉक बंद. कॉइल हाताने डावीकडे फिरवून निघते, निघताना सरळ वर उचला कारण आत एक स्प्रिंग आणि छोटा दांडा असतो, तो चिखलात पडला की शोधत बसाल. नवीन बसवताना पकड लावू नका, हाताने घट्ट एवढंच, खाली रबरी रिंग आहे ती पाणी धरते. दोन वायरींत उलटसुलट काही नाही, एसी आहे.

एडिसनकर

आमच्या झोन 3 चं पण असंच आहे बहुतेक, मी दोन वर्षं व्हॉल्व्हवरची कॉइल पाव आटा सैल करून हाताने चालवतोय. तसं केलं की पाणी येतं.

चोवीसव्होल्ट

म्हणजे तुमचा व्हॉल्व्ह आणि पाणी चांगलं, बिघाड विजेच्या बाजूला. हीच तर सगळ्यात सोपी परीक्षा आहे, कॉइल पाव आटा सैल करायची किंवा वरचा छोटा स्क्रू उघडायचा, पाणी आलं तर वायरी बघा, नाही आलं तर पाणी किंवा डायफ्राम बघा. (मास्टर व्हॉल्व्ह असेल तर तो पण हाताने उघडावा लागतो, नाहीतर उगाच फसगत.) ओम मोजा, दोन वर्षांचं काम पाच मिनिटांचं आहे.

कृष्णाकाठ_डॅलस

4 ची कॉइलच जळाली होती, थेट मीटर लावून पण ओएल. नवीन बसवली. पण आता उलटं झालंय, 4 चालू तर होतो पण बंदच होईना, कंट्रोलर बंद केला तरी हेड मंद वाहतायत, शेवटी मेन कॉक बंद करून झोपलो.

चोवीसव्होल्ट

कॉइल काढली तेव्हा मातीचा कण आत गेला असणार, खोका चिखलाचा आहे. डायफ्रामच्या बैठकीत एक खडा अडकला की तो पूर्ण बसत नाही. कॉक उघडा, व्हॉल्व्हवरचा छोटा स्क्रू उघडून झोन पूर्ण जोरात दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग स्क्रू बंद करा. बऱ्याच वेळा खडा निघून जातो. नाही गेला तर पाणी बंद करून वरच्या झाकणाचे स्क्रू काढा, डायफ्राम धुवा, कडेला चीर पडलीये का उजेडात धरून बघा, बैठक बोटाने चाचपा. झाकणाचे स्क्रू आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे, एकच बाजू आधी घट्ट केली की गळतं.

कृष्णाकाठ_डॅलस

गेला खडा, पहिल्या युक्तीतच. सहाही झोन चालू. आता आठवड्यातून दोनदा, पहाटे. डॅलसमधे एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पाणी घालायला बंदी आहे, आमच्या गावाचे वार वेगळे आहेत ते बघून लावलेत. बाबांनी गॅरेजच्या भिंतीवर कंट्रोलरच्या बाजूला कागद चिकटवलाय, कुठला रंग कुठला झोन, प्रत्येकाचे ओम, आणि दोन्ही खोके भिंतीपासून किती पावलांवर ते. मराठीत लिहिलंय, पुढच्या मालकाचं नशीब.

मुळशीवाला

माझा पण निकाल लागला. सी आणि पी मधे 24 येत होते. इलेक्ट्रिशियनने मेन पाडून डबा उघडला तर रिलेच्या कॉन्टॅक्टमधे मुंग्या भरलेल्या, चिरडून काळ्या झालेल्या, त्यामुळे कॉन्टॅक्ट मिटतच नव्हते. वर एक पाल. रिले बदलला, डब्याला जिथून केबल येते ते भोक उघडंच होतं तिथे ग्लँड लावून घेतला. प्रेशर स्विच पुढच्या शनिवारी. त्या जेलवाल्या कनेक्टरला इथे काय पर्याय? हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर त्याने टेपचा रोल पुढे केला.

चोवीसव्होल्ट

टेप नको, ती पाणी आत धरून ठेवते. ऑनलाइन जेलचे कनेक्टर मिळाले तर उत्तम, नाहीतर जॉइंट डाग देऊन पक्का करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, ती साधी नव्हे, गोंदवाली मागायची, तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंद थोडा बाहेर आला पाहिजे. आणि जॉइंट खोक्यात वरच्या बाजूला उलटा टांगून ठेवा, तळाच्या पाण्यात नको. पावसाळ्याआधी करून घ्या.